नाल्याचं पाणी प्यालेला गालिचा

वाचकाचं पत्र

"नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावच्या टोकाला राहतो. घर सासऱ्यांच्या वेळचं. माजघर दगडी भिंतींचं, वर कौलं. पुढचा हॉल आणि मागची एक खोली नंतर स्लॅबची केली, पण हॉलची एक भिंत जुनीच आहे. मुलगा पुण्याला नोकरीला असतो. मागच्या दिवाळीत त्याने हौसेने हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा बसवून दिला. खाली फोम आहे, कडा चिकटवलेल्या आहेत. गेल्या आठवड्यात रात्रभर पाऊस झोडपत होता. बळ्ळारी नाला भरला आणि पहाटे न्हाणीच्या जाळीतून पाणी उलटं घरात आलं. हॉलमध्ये घोट्याएवढं होतं, दुपारी उतरलं. त्याच रात्री माजघरात कौलातून गळलं आणि तिथला लहान लोकरी गालिचा व ट्रंकेवर ठेवलेला सासूबाईंच्या माहेरचा नवलगुंदचा जमखाना भिजला. ते दोन्ही सकाळीच पडवीत दांडीवर टाकले. हॉलमधला मात्र तसाच आहे. पंखे दिवसरात्र चालू, खिडक्या उघड्या, तरी आज पाचव्या दिवशीही पाय ठेवला की पाणी वर येतं, कुबट वास सुटलाय आणि कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसतायत. ह्यांचं म्हणणं, ऊन पडलं की वाळेल. शेजारच्या काकू म्हणतात, फिनेल टाकून पुसून घ्या. मुलगा म्हणतो, माणसं बोलावून मशीनने धुवून घ्या, टाकू नका. सासूबाईंना दमा आहे. त्या हॉलमध्येच दिवाणावर झोपतात आणि दोन रात्री खोकून जागल्या. गणपती महिन्यावर आलेत, त्याआधी भिंत रंगवून घ्यायची होती. काय करू?"

ताई, नमस्कार.

बाकी सगळं मागून. आज रात्री सासूबाईंना त्या हॉलमध्ये झोपवू नका. मागच्या खोलीत त्यांचा बिछाना हलवा आणि हॉलचं काम पूर्ण होईपर्यंत मधलं दार लावून ठेवा. बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण दम्याच्या माणसाला ते इतरांच्या आधी बाधतात. दोन रात्री खोकल्यात गेल्या म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तिथे गेल्यावर, घरात नाल्याचं पाणी शिरलं होतं आणि ओला गालिचा पाच दिवस उशाशी होता, हे आपणहून सांगा. पंपाचा डोस वाढवायचा की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

त्याच हॉलमधलं दुसरं तातडीचं काम विजेचं. खालचे प्लग पाण्यात बुडाले असतील तर त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा छोटा स्विच, पाडा आणि वायरमन येऊन बघेपर्यंत तिथलं काही लावू नका. टेबलफॅनला जोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या गालिच्यावर पडलेला असेल तर आधी मेन स्विच बंद करा आणि मगच त्याला हात लावा.

आता गालिचा. हॉलमधला गालिचा काढून टाका, फोमसकट. हे वाचून वाईट वाटेल, कारण त्यात मुलाची हौस आहे आणि पैसेही गेलेत. पण अशा वेळी वस्तू महाग की स्वस्त हे बघायचं नसतं. पाणी कुठून आलं आणि ते किती वेळ मुरलं, एवढंच बघायचं. तुमच्या हॉलमध्ये या दोन्ही गोष्टी गालिच्याच्या विरुद्ध गेल्यात.

न्हाणीतून उलटं आलेलं पाणी म्हणजे नाल्याचं, आणि नाल्यात संडासाचंही पाणी असतं. ते फरशीवर आलं तर फरशी धुता येते. गालिच्यात शिरलं की त्याच्या दोऱ्यांत, पाठीच्या कापडात, ते कापड चिकटवलेल्या रबरी थरात आणि खालच्या फोममध्ये मुरतं. वरून कितीही धुतलं तरी फोमच्या पोटातली घाण निघत नाही. ज्या गालिच्यावर गटाराचं पाणी आलं तो ठेवू नये, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे आणि त्याला पळवाट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात रांगतं मूल, म्हातारं माणूस किंवा दम्याचा रुग्ण असेल तर मुळीच नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. ओल्या कापडावर, लाकडावर, पुठ्ठ्यावर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. तुमचे चार दिवस उलटून गेलेत. गालिच्याचे धागे प्लास्टिकचे असले म्हणून त्याला बुरशी येत नाही असं नाही. धागा बुरशीला खाता येत नसेल, पण त्यात अडकलेली धूळ, केस, त्वचेचा कोंडा, पाठीला ताग असेल तर तो ताग, हे सगळं तिचं अन्न आहे. काळे ठिपके भिंतीवर दिसतायत म्हणजे गालिच्याखाली, जिथे उजेड आणि वारा नाही, तिथे काय चाललं असेल याचा अंदाज तुम्हालाही आला असेल.

मुलगा मशीनने धुवायला सांगतो, ते चूक नाही. नळ फुटून स्वच्छ पाणी पडलं असतं आणि त्याच दिवशी माणसं आली असती, तर मीही तेच म्हणाले असते. तुमच्या ह्यांनी उन्हाची वाट बघायची म्हटली, पण म्हातारा पाऊस, म्हणजे पुष्य नक्षत्राचा, अजून सरलेला नाही आणि आश्लेषा-मघा ही पावसाची नक्षत्रं पुढे आहेत. शिवाय चिकटवलेला गालिचा उन्हात नेणार कसा? आणि काकूंच्या फिनेलने वास तेवढा झाकला जाईल. गालिच्यावर आणखी पाणी पडेल आणि सासूबाईंना त्या उग्र वासाचा त्रास होईल तो वेगळाच.

काढण्याआधी फोटो काढा: पूर्ण खोलीचे, भिंतीवर पाण्याची रेघ उमटली असेल तर तिचे, गालिच्याच्या जवळून. बिल सापडत असेल तर बाजूला ठेवा. त्याचा उपयोग पुढे सांगते.

गालिचा काढायचं काम दोन धडधाकट माणसांचं आहे, कारण ओल्या गालिच्याचं वजन कोरड्याच्या कितीतरी पट भरतं. एन-९५ मास्क लावा. साधा रुमाल बांधून चालत नाही, बीजाणू त्यातून सहज जातात. रबरी हातमोजे आणि बंद बूट घाला, पायाला जखम असेल तर त्या माणसाने या कामात पडू नये. पंखे बंद करा, नाहीतर उखडताना उडालेलं सगळं घरभर पसरेल. मग धारदार कटरने गालिच्याच्या दोन-अडीच फूट रुंद पट्ट्या करा, प्रत्येक पट्टी मऊ बाजू आत घालून गुंडाळा, जाड प्लास्टिकमध्ये बांधा आणि पुढच्या दाराने थेट बाहेर काढा. माजघरातून ओढत परसात नेऊ नका. फोमचे तुकडे फरशीला चिकटून राहतील, ते उलथण्याने खरवडून काढा आणि तेही त्याच पिशव्यांत भरा. कुणी मागितलं म्हणून हा गालिचा गोठ्याला किंवा कामवाल्या मावशींना देऊ नका. जो आपल्या घरात नको, तो त्यांच्याही घरात नको.

खाली फरशी निघाली की आधी साबणाच्या पाण्याने घासून दोनदा धुवा. चिखल आणि चिकटपणा असताना नुसतं ब्लीच ओतलं तर ते घाणीतच खर्च होतं. धुतल्यावर, बाजारात मिळणाऱ्या ४-५ टक्क्यांच्या पातळ ब्लीचचं एक कप, म्हणजे साधारण २४० मिलिलीटर, चार लिटर पाण्यात घालून फरशीवर पसरा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या आणि साध्या पाण्याने पुसून घ्या. या वेळी खिडक्या उघड्या हव्यात. ताई, एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. संडास धुवायचं ॲसिड त्यात पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीत तो जीवावर बेततो. व्हिनेगर नको, अमोनिया असलेलं काचेचं क्लीनरही नको.

कपाटामागची भिंत हा वेगळा विषय आहे. कपाट हातभर पुढे ओढा. लोखंडी असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, नाहीतर गंजाचे डाग बसतील. ठिपक्यांवर कोरडा झाडू किंवा ब्रश मारू नका, त्याने बीजाणू हवेत उडतात. कापड साबणाच्या पाण्यात भिजवून पिळा, ठिपके ओले करून पुसा, कापड दर वेळी घडी बदलून वापरा आणि शेवटी फेकून द्या. गुळगुळीत ऑइल पेंट असेल तर एवढ्याने निघेल. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर ब्लीचने डाग पांढरा पडतो, पण आत गेलेली मुळं तशीच राहतात आणि वर भिंत आणखी भिजते, म्हणून तिथे ब्लीचचा सोस करू नका. बुरशी तीन फूट बाय तीन फुटांहून जास्त पसरली असेल, किंवा गिलावा दाबल्यावर भुसभुशीत लागत असेल, तर स्वतः हात घालू नका. तेवढा गिलावा गवंड्याकडून काढून घ्यावा लागेल.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं आहे, ते म्हणजे घर वाळवणं. तुम्ही पाच दिवस पंखे लावले, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि तरी ओल हटली नाही. यात तुमचं काही चुकलं नाही. ओल्या घराबद्दल वाचायला मिळणारा बराचसा सल्ला कोरड्या हवेच्या मुलखातला असतो. तिथे खिडकी उघडली की घरातली ओल बाहेर जाते. आपल्याकडे श्रावणाच्या आधीच्या झडीत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. खानापूर-जांबोटीकडून धुकं उतरलेलं असताना खिडक्या सताड उघडणं म्हणजे ओल आत बोलावणं. पंखा हवा नुसती फिरवतो. गालिच्यातलं पाणी हवेत जातं, हवा बाहेर पडत नाही आणि रात्री गारठा पडला की तेच पाणी थंड भिंतीवर बसतं. तुमचे काळे ठिपके कपाटामागे आले ते याच कारणाने: तिथली भिंत गार, आणि वारा पोचत नाही.

घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला जोर धरता येत नाही. ती मोजायला छोटा डिजिटल हायग्रोमीटर मिळतो, काहीशे रुपयांत येतो, ऑनलाइनही मागवता येतो. तो येईपर्यंत स्वयंपाकघरातलं मीठ बघा. मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी धरायला लागतं, जाडं मीठ त्याच्याही थोडं आधी. मिठाची बरणी पाझरत असेल तर घरातली हवा बुरशीला मानवणारी आहे, हे पक्कं समजा.

मग करायचं काय? पाऊस कोसळत असताना आणि धुक्यात त्या खोलीच्या खिडक्या बंद ठेवा. उघडीप पडली, अंगण वाळायला लागलं, वारा सुटला की समोरासमोरच्या खिडक्या आणि दारं एकदम उघडा. एक टेबलफॅन खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा, म्हणजे खोलीतली ओली हवा ढकलून बाहेर जाते आणि दुसरीकडून नवी आत येते. दुपारची उघडीप तासाभराची असली तरी ती वाया घालवू नका. पुन्हा भरून आलं की बंद.

बंद खोलीतून पाणी काढण्याचं खरं साधन म्हणजे डिह्युमिडिफायर. तो हवा ओढून गार करतो, पाणी टाकीत गोळा करतो आणि कोरडी हवा परत खोलीत सोडतो. टाकी रोज ओतून द्यावी लागते, तेव्हा घरात किती पाणी होतं ते डोळ्यांना दिसतं. एसी असेल तर त्याच्या रिमोटवरचा ड्राय मोड तेच काम थोड्या कमी जोराने करतो. दोन्ही नसतील तर खोली किंचित गरम करण्यानेही फरक पडतो. २३ अंशांची ९५ टक्के आर्द्रतेची हवा २८ अंशांपर्यंत तापवली की तीच हवा सुमारे ७० टक्क्यांवर येते, म्हणजे ती फरशीतलं आणि भिंतीतलं पाणी शोषायला मोकळी होते. मात्र नंतर ती हवा बाहेर घालवली पाहिजे. विजेचा हीटर दूर ठेवून, समोर माणूस असताना लावावा.

कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नका. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची सवय आहे, म्हणून हे बजावून सांगते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. गॅसची शेगडी लावून खोली सुकवायचा प्रयोगही करू नका. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. हाच हिशेब स्वयंपाकाला लागू आहे, म्हणून स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पावसाळ्यात चालू ठेवा. कूलर तर हवेत पाणीच मिसळतो, तो या दिवसांत झाकून ठेवा. आणि धुतलेले कपडे हॉलमध्ये दोरीवर टाकणं काही दिवस तरी थांबवा. एका खेपेच्या कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. पडवीतच टाका, उशिरा वाळले तरी चालतील.

वाटीत मीठ, कोपऱ्यात चुन्याचे खडे, कपाटात डांबराच्या गोळ्या, असे उपाय तुम्हाला आणखीही कुणी सांगेल. मिठाच्या वाटीने खोली कोरडी होत नाही. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो आणि भाजतो, घरात ठेवायची ती वस्तू नव्हे. डांबराच्या गोळ्यांनी कसर पळेल, बुरशी नाही, आणि दम्याला तो वास वाईट. बंद कपाटासाठी ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. तेवढ्या जागेपुरते ते चांगले, पण भरले की बदलावे लागतात.

फरशी उघडी झाली की पुढचा प्रश्न: ओल पुरातली आहे की कायमची? जुन्या दगडी भिंतीच्या पायात ओल अडवणारा थर बहुधा नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंत वर ओढत राहते. हे घरच्या घरी कळतं. जाड पारदर्शक प्लास्टिकचे हातभर लांब-रुंद दोन तुकडे घ्या. एक फरशीवर आणि एक भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, चारही कडांनी पॅकिंग टेपने हवा जाणार नाही असा चिकटवा. हॉल हाताला कोरडा लागायला लागला की मग हे करा, आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. नंतर बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून किंवा जमिनीतून येतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ओल घरातल्या हवेची आहे, ती वर सांगितलेल्या उपायांनी जाईल. दोन्हीकडे असतील तर दोन्ही कामं करावी लागतील.

ओल भिंतीतून येत असेल तर गणपतीआधी रंग देण्याचा बेत सोडा. बेळगावात गणपतीला घर रंगवायची आपली हौस मोठी, पण पावसाळ्यात ओल्या भिंतीवर, त्यातून ऑइल पेंटचा हात मारला की आतलं पाणी कोंडतं. दिवाळीपर्यंत फुगवटे येतात, पोपडे निघतात, पांढरा लोणा फुटतो. या वर्षी मखर दुसऱ्या भिंतीला करा. त्या भिंतीला काही टेकवू नका, तिचा सुटलेला रंग खरवडून भिंत उघडी ठेवा. जाड दगडी भिंत वाळायला महिने लागतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात ती कोरडी झाल्यावर चुन्याचा हात द्या, चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. जुन्या लोकांनी दगडी घरांना चुना लावला, तो काही केवळ स्वस्त होता म्हणून नाही.

माजघरातला लोकरी गालिचा आणि जमखाना यांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे मनापासून आनंद वाटतो, कारण तुम्ही ते सकाळीच दांडीवर टाकलेत. कौलातून आलेलं पाणी पावसाचं, त्यात धूळ आणि काजळी असेल, गटार नाही. ते दोन्ही वाचतील. लोकरी गालिचा पाठीकडून चाचपून बघा. पाठ दमट लागत असेल तर पांढरा टॉवेल घालून त्यावर पाय देऊन पाणी ओढून घ्या. गाडी धुण्याच्या सेंटरवर पाणी ओढणारा व्हॅक्यूम असतो, त्यांना विनंती केली तर तेही काम करून देतात. मग दांडीवर एकाच जागी घडी पडू देऊ नका, दिवसातून दोनदा सरकवून उलटा.

जमखान्याला हात लावण्याआधी त्याचा रंग जातो का ते बघा. ओला पांढरा रुमाल लाल आणि निळ्या पट्ट्यांवर दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर घरी धुऊच नका, नुसता सावलीत वाळवा आणि झटका. रंग पक्का असेल तर थंड पाण्यात सौम्य साबणाने, न चोळता, न पिळता धुवा. ब्लीच नको, कडक ऊनही नको. नवलगुंदचे जमखाने पूर्ण सुती आणि हाताने विणलेले असतात, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सासूबाईंच्या माहेरचा म्हणजे तसा आता सहज मिळणार नाही. पुन्हा ट्रंकेत ठेवायची घाई करू नका. बाहेरून कोरडा झालेला जाड सुती जमखाना आत बरेच दिवस ओल धरून ठेवतो. मधल्या भागावर गाल लावून बघा, गार लागला तर अजून ओला आहे. पूर्ण वाळल्यावर घडी न घालता गुंडाळा, जुन्या सुती साडीत बांधा, प्लास्टिकमध्ये नको. आणि जमिनीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवा.

पुढचे तीन-चार आठवडे घरातल्या ज्या कुणी त्या पाण्यात पाय घातले, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. ताप, सडकून डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर अंगावर काढू नका. उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि डॉक्टरांना पाण्याची गोष्ट सांगितली तर निदान लवकर होतं.

आता फोटोंचं. घरात पाणी शिरल्याचं तलाठ्यांना कळवून पंचनामा मागा. शेजारच्या घरांतही पाणी आलं असेल, तर सगळ्यांनी मिळून अर्ज द्या. शिवाय घराचा विमा आहे का ते मुलाला शोधायला सांगा. घरासाठी कधी कर्ज काढलं असेल तर त्याबरोबर विमा उतरवलेला असण्याची शक्यता बरीच असते आणि लोकांना ते आठवत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पुराचं नुकसान धरलेलं आहे. घराच्या इमारतीचा विमा असेल तर सामानालाही त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. पॉलिसी निघाली तर कंपनीला लगेच कळवा आणि पाहणी होईपर्यंत गालिच्याची एक पट्टी प्लास्टिकमध्ये बांधून घराबाहेर ठेवा.

न्हाणीचा बंदोबस्त याच आठवड्यात करा, कारण नाला पुन्हा भरणार आहे. तात्पुरता उपाय म्हणजे जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून, ती दुसऱ्या पिशवीत घालून, पाऊस वाढला की न्हाणीच्या आणि संडासाच्या जाळीवर दाबून ठेवायची. कायमचा उपाय म्हणजे घराबाहेरच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. त्यातून तुमचं पाणी बाहेर जातं, पण नाल्याचं आत येताना झडप मिटते. प्लंबरकडून बसवताना चेंबर उघडून झडप साफ करता येईल अशी जागा ठेवायला सांगा, केस आणि चिखल अडकला तर ती मिटत नाही. आणि झडप मिटलेली असताना घरातलं पाणीही बाहेर जाणार नाही, तेव्हा नाला तुंबलेला असेल त्या वेळी अंघोळी आणि धुणं थांबवावं लागेल.

माजघरावरची कौलं या उघडिपीत एकदा कौलं शाकारणाऱ्याला दाखवा. एखादं फुटलेलं किंवा सरकलेलं असेल.

मुलाला फोन करून सरळ सांगा. आजी रात्री खोकत होती, गालिच्यात नाल्याचं पाणी होतं, म्हणून काढला. तो समजून घेईल. पुन्हा तसा गालिचा घालू देऊ नका; त्या हॉलला दोन-तीन सुती सतरंज्या पुरेत. पाणी आलं तर उचलून नेता येतात, धुता येतात. त्याला आजीसाठी काही करायचंच असेल तर या वेळी डिह्युमिडिफायर पाठवायला सांगा, रोज निदान दहा-बारा लिटर पाणी ओढणारा, आणि तो हॉल कोरडा झाल्यावर आजीच्या खोलीत लावा.